‘माजी’ या विशेषणाची नैतिक बाजू

भंडारा जिल्ह्याच्या शासकीय दप्तरात ‘माजी मालगुजारी तलाव’ अशी एक संज्ञा आहे. आद्याक्षरांनी तिचे ‘मामा तलाव’ झाले आणि हे रूप बोलण्यात इतके रुळले की, या तलावांचे कोणा मामाशी नाते असावे असे परक्याला वाटावे. मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपुष्टात आली. तलाव मात्र आजही गेलेल्या मालकाच्या नावानेच ओळखले जातात. समाजाने एखादे परिवर्तन स्वीकारले की नाकारले, याचा निर्णय सामान्यतः चळवळी, निवडणुका, न्यायालयीन झगडे यांच्या आधारे केला जातो. येथे तो एका विशेषणापाशी येऊन थांबला आहे.

रूढ अर्थाने पाहता या परिवर्तनाला जो विरोध झाला तो वरून झाला, आणि तो मोडूनही निघाला. भंडारा त्या वेळी मध्य प्रदेशात होता व नागपूर ही राजधानी होती. त्या राज्याने केलेल्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याला अहेरीच्या जमीनदारांसह अनेकांनी आव्हान दिले; पहिल्या घटनादुरुस्तीने १९५१ साली तो नवव्या परिशिष्टात घातला गेला आणि १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. कुळांच्या दृष्टीने ही मुक्तीच होती. तेव्हा शासनाने परिवर्तन घडविले, समाजाने ते स्वीकारले, असे म्हणून इतिहासकाराला पुढच्या प्रकरणाकडे वळता येते. समीक्षकाला तसे वळता येत नाही, कारण त्याच्यासमोर शब्द आहेत.

‘मालगुजार’ हा मुळात फारसी शब्द. त्याचा अर्थ मालक असा नाही. माल म्हणजे सारा, आणि तो भरणारा तो मालगुजार. १८५३ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला, आणि त्या दशकातील जमाबंदीने या सारा भरणाऱ्याला गावाचा मालक केले. जबाबदारीचे नाव तसेच राहिले, आशय तेवढा मालकीचा झाला. १९५१ च्या कायद्याने ही मालकी काढून घेतली, परंतु मालगुजार म्हणजे मालक हे इंग्रजी राजवटीचे वाचन मात्र त्याने निमूटपणे मान्य केले. क्रांतिकारक कायदेही पुष्कळदा आपल्या शत्रूची व्याख्या शत्रूकडूनच उसनी घेतात.

आता तलावांकडे वळू. भंडारा, १९९९ साली त्यातून वेगळा झालेला गोंदिया आणि शेजारचे चंद्रपूर, गडचिरोली या भागांत असे तलाव हजारोंच्या संख्येने आहेत. ते बांधण्याचे श्रेय परंपरेने कोहळी समाजाला दिले जाते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या जाती-जमातींवरील ग्रंथातही त्यांच्या या कौशल्याची नोंद आहे. उताराची जाण, पाळीची जागा, सांडव्याची उंची, खालच्या धानाच्या बांध्यांना पाणी देण्याचा क्रम हे ज्ञान कोणत्याही पोथीत नव्हते. तथापि ‘अमक्या पाटलाने तलाव बांधला’ हे वाक्य मराठीच्या दृष्टीने सदोष आहे. मराठीत प्रयोजक रूप उपलब्ध आहे: पाटलाने तलाव बांधविला. माती ज्यांनी वाहिली ते या वाक्याच्या व्याकरणातून, आणि म्हणून इतिहासातूनही, गळाले. त्यांतल्या कित्येकांचे श्रम बेगारीचे होते. मालगुजाराच्या काळी तलाव कसे राखले जात, याविषयी हळवेपणाने लिहिणाऱ्यांनी हा ‘वि’ विसरू नये.

प्रश्न असा की, अन्याय्य सत्तेच्या अंगाला चिकटून असलेले कर्तव्य, ती सत्ता गेल्यावर कोणाचे? पाळ फुटली तर मालगुजाराचाही सारा बुडे. त्याचे कर्तव्य स्वार्थातून आलेले होते आणि दुसऱ्याच्या पाठीवर ते पार पाडले जाई. तरीही ते पार पडत होते. कायद्याने सत्ता आणि मालमत्ता यांची मोजदाद केली. कर्तव्याला रकाना नव्हता. काही खाजगी तळी वगळता तलाव शासनाकडे आले. पुढे १९५६ साली जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला, १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. लहान तलाव परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालक बदलत गेले आणि गाळ साचत गेला.

या अवस्थेचे शासकीय वाचन ठरलेले आहे: लोक उदासीन आहेत, त्यांना फुकटची सवय आहे, पाळीवर माती टाकायला कोणी येत नाही. म्हणजे समाज परिवर्तनाला प्रतिसाद देत नाही. पण याच वर्तनाचे दुसरे वाचन संभवते. ज्याला ‘सरकारी’ म्हटले त्यावर माती टाकणे म्हणजे बेगार, आणि बेगार तर कायद्यानेच संपविली. पाळीवर न जाणारा शेतकरी परिवर्तन नाकारत नाही. शासनाने ते जितक्या गांभीर्याने घेतले त्याहून अधिक गांभीर्याने तो ते घेत आहे. त्याच्या लेखी तलावाचा धनी बदलला आहे, आणि धन्याने धन्यासारखे वागावे एवढीच त्याची अपेक्षा आहे. हे वाचन पूर्णतः निर्दोष नाही. ‘धनी’ ही कल्पना शाबूत ठेवूनच ते उभे राहते, आणि सामाईक मालकीची शक्यता दोन्ही वाचनांत सारखीच हरवते.

सिमोन वेल हिच्या मरणोत्तर, १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा आरंभच मुळी हक्काआधी कर्तव्य असते या प्रतिपादनाने होतो. भंडाऱ्याच्या तलावांना ते लावून पाहता एक अडचण जाणवते. तिचे कर्तव्य व्यक्तीला बांधणारे आहे. पण येथे व्यक्ती गेली, खाते आले, आणि खाते बदली होऊन जाते. कर्तव्य टिकण्यास त्याची कोठेतरी नोंद लागते.

नोंदीची सोय आहेही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६५ अन्वये गावातील सिंचनाचे व मासेमारीचे रूढ हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ या पत्रकात नोंदता येतात. मात्र ही तरतूद राज्य शासनाच्या अथवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीची, नियंत्रणाची वा व्यवस्थेची नसलेल्या जमिनीला व पाण्यालाच लागू आहे. गावाची रूढी खाजगी मालकाविरुद्ध सांगता येईल, शासनाविरुद्ध नव्हे. ज्या क्षणी तलाव जनतेच्या नावाने शासनाचा झाला, त्याच क्षणी या कलमापुरता तरी जनतेचा जुना शब्द त्यावर चालेनासा झाला. मालगुजारी रद्द करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण शासन म्हणजेच समाज हे समीकरण त्यांनी ज्या सहजतेने मांडले ती सहजता आज तपासावी लागते.

२०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आली. यंत्राच्या इंधनाचा खर्च शासनाचा, गाळ शेतात वाहून नेण्याचा शेतकऱ्याचा, अशी तिची मूळ वाटणी होती. वाटणी वाईट नाही. मात्र तिच्यात ढिवर कोठेच नाही. मासेमारी सहकारी संस्थांमार्फत ठेक्याने चालते, आणि माशांसाठी पाणी तलावात राहावे लागते. धानासाठी ते सोडावे लागते. किती सोडायचे, किती राखायचे हा तंटा पूर्वी मालगुजार आपल्या मर्जीने मिटवी. तो न्याय नव्हता, निवाडा तेवढा होता. आता सिंचन एका खात्याकडे आणि मत्स्यव्यवसाय दुसऱ्याकडे आहे. पावसाने दगा दिलेल्या वर्षी शेतकरी आणि ढिवर एकाच पाळीवर समोरासमोर उभे राहतात, तेव्हा ते पाणी कोणाच्या शब्दाने सुटावे, याचे उत्तर ‘माजी’ या विशेषणानंतर अद्याप लिहिले गेलेले नाही.