धनगराचं पिल्लू

दिवाळी झाली की फलटणकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात आणि पावसाच्या तोंडाला माघारी येतात. आमचं गाव त्यांच्या वाटेवरचं. बाजरी काढलेल्या रानात दोन-तीन रात्री त्यांचा वाडा बसतो. लेंड्या-मुताचं खत रानाला मिळतं, बदल्यात आम्ही धान्य देतो. हा व्यवहार माझ्या आज्यापासूनचा. त्यात कुणाचे कुणावर उपकार नाहीत.

अशाच एका वाड्यावर मी एक पिल्लू बघितलं. लहान चणीचं, तांबूस, कोकरांच्या पोटाला पोट लावून निजलेलं. नातवानं हट्ट धरला, आणि खरं सांगायचं तर मलाही राखणीला कुत्रं हवंच होतं. म्हातारा धनगर म्हणाला, "अजून आईच्या अंगावर पितंय, पाटील. परतीच्या वाटंला देतो." मी म्हटलं, "बापू, घरी दूध काय कमी हाय का?" त्यानं मान हलवली आणि पिल्लू दिलं. जेमतेम महिन्याचं असेल.

चार रात्री ते रडलं. गाईचं दूध पाजलं तर हगवण लागली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "पिल्लू दोन महिने तरी आईजवळ ठेवायचं असतं." मग मऊ भात, भाकरीचा चुरा, थोडं थोडं दिवसातनं चार वेळा. जंताचं औषध दिलं, तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस टोचली. रात्री माझ्या कांबळ्यात घेतलं. मला वाटायचं, आपण पुण्य करतोय.

पुढं ते मोठं झालं आणि न शिकवता कामाला लागलं. कोंबड्या कोपऱ्यात गोळा करायचं. पोरं अंगणात पांगली की त्यांच्याभोवती फेऱ्या मारून एका जागी आणायचं. एकदा शेजारच्या शेळीच्या खुराला दात लावला. भांडण झालं. मी साखळी आणली. वेळेवर भाकरी, पाणी, सावली, सगळं होतं. तरी ते खुंट्याभोवती फिरून फिरून जमिनीला गोल चर पाडायचं.

जेठात वाडा परत आला. मेंढरांचा आवाज लांबून आला तसं ते साखळीला झोंबायला लागलं. मी सोडलं. पळत जाऊन कळपाला वळसा घातला, तसं मेंढरं बुजून उधळली. वाड्यावरची कुत्री त्याच्यावर धावून आली. ते शेपूट घालून माझ्या पायांत येऊन बसलं.

मी म्हटलं, "बापू, न्या याला माघारी. तुमचंच हाय."

म्हातारा म्हणाला, "आता नाय खपायचं, पाटील. कोकरांत निजून मोठं झालेलं कुत्रंच मेंढराचं हुतं. ह्याचं ते दिस गेलं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

तेव्हापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. जनावर पाळणं म्हणजे काय? पोट भरलं की झालं, असं मी साठ वर्षं धरून चाललो. बैलाला कडबा, गाईला पेंड, कुत्र्याला भाकरी. पण बैलाला मी कामही देत होतो. या कुत्र्याच्या रक्तात जे काम होतं ते मी काढून घेतलं आणि वर भाकरी दिली म्हणून धनी झालो. त्याला उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, तरी अन्याय झालाच. माया खोटी नव्हती, पण ती माझ्या सोयीनं होती. एक महिना थांबलो असतो तर रात्री एवढा रडला नसता. आणलाच नसता, तर आज कोकणाच्या वाटेवर असता. झालेलं फिरत नाही.

मी साखळी काढून माळ्यावर टाकली. दोन शेळ्या घेतल्या. आता रोज सकाळी आम्ही चौघं ओढ्याकडं जातो. पहिले काही दिवस त्याच्या गळ्यात दोरी होती, शेळीला दात लावायचा नाही एवढं शिकवायला. आता लागत नाही. दोन शेळ्यांचा कळप तो काय कळप! तरी ते पुढं धावतं, मागं वळून बघतं, मोजल्यासारखं.

नातू विचारतो, "आबा, आता हा खूश हाय का?"

मी सांगतो, "हाय." पण वाडा जवळ आला की ते कान टवकारून उभं राहतं, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडं बघत नाही.