छपराखालचा घुमट

यॉर्क शहराच्या जुन्या तटाला मिकलगेट बार नावाची वेस आहे. वेशीबाहेर पडताच विटांची, ओळीत खिडक्या असलेली एक अठराव्या शतकातली इमारत दिसते. एखाद्या खात्यापित्या घराण्याचा वाडा म्हणून सहज खपून जाईल अशी. तिच्या पोटात एक प्रार्थनागृह आहे, त्याला देखणा घुमट आहे आणि तो रस्त्यावरून दिसू नये म्हणून त्यावर साधं उतरतं छप्पर चढवलेलं आहे. प्रार्थनागृहातून बाहेर पडायला आठ दारं आणि फरशीखाली धर्मगुरूला लपण्यापुरती एक अरुंद जागा. १७६९ साली हे बांधकाम पुरं झालं, तेव्हा कॅथलिकांनी मंदिर उभारणं इंग्लंडात बेकायदा होतं. ती मुभा मिळायला १७९१ साल उजाडलं.

हा बार कॉन्व्हेंट. १६८६ साली फ्रान्सेस बेडिंगफील्ड या धर्मभगिनीने सर थॉमस गॅस्कॉइन यांनी दिलेल्या ४५० पौंडांच्या आधारावर तो वसवला आणि मुलींची निवासी शाळा सुरू केली. १६९९ पासून गरीब मुलींसाठी बिनफीची शाळाही भरू लागली. त्याच सुमारास पार्लमेंटने कायदा केला की शाळा चालवणाऱ्या कॅथलिकाला जन्मठेप व्हावी. भगिनी साध्या करड्या कपड्यांत वावरत, बाहेरच्या जगासाठी त्या घरंदाज बायका असत. बेडिंगफील्डबाईंनी तर सत्तरी ओलांडल्यावर तुरुंग पाहिला. मुलींना अक्षरं गिरवायला लावणं हा जिथे गुन्हा होता, तिथे त्यांनी तो रोज सकाळी केला.

राज्यकर्त्यांचा हा छळ समजण्यासारखा आहे; सत्ता परक्या धर्माला भितेच. मला जास्त विचार करायला लावते ती दुसरी बाजू. या बायकांना त्यांच्या स्वतःच्या चर्चनेही सुखाने जगू दिलं नव्हतं.

त्यासाठी या भगिनींच्या संस्थेची संस्थापिका मेरी वॉर्ड हिच्याकडे जावं लागतं. १५८५ साली यॉर्कशरमध्ये जन्मलेली ही मुलगी. ती वर्षाची असताना यॉर्कमध्ये मार्गारेट क्लिदरो या खाटकाच्या बायकोला, धर्मगुरूंना आसरा दिल्यावरून, दगडांच्या वजनाखाली चिरडून मारण्यात आलं होतं. अशा वातावरणात वाढलेल्या मेरीला वाटलं, धर्म टिकायचा तर मुली शिकायला हव्यात. १६०९ मध्ये तिने फ्लँडर्समधल्या सेंट ओमेर इथे मैत्रिणींना घेऊन काम सुरू केलं. तिच्या शाळांत मुलींना लॅटिनसुद्धा शिकवत. पण तिची मागणी याहून मोठी होती. जेझुइट पुरुषांची जी घटना, तीच आम्हाला द्या. आम्ही भिंतीआड कोंडून घेणार नाही, बिशपांच्या हुकमतीत राहणार नाही. ट्रेंटच्या धर्मसभेनंतर संन्यासिनीने मठाच्या चार भिंतींत राहावं हा दंडक कडक झाला होता. भिंतीआडून गावभरच्या मुलींना कसं शिकवणार, हा मेरीचा साधा प्रश्न होता. तो घेऊन ती १६२१ साली फ्लँडर्सहून पायी रोमला गेली.

उत्तर दहा वर्षांनी आलं. १६३१ साली पोप अर्बन आठवे यांनी तिची संस्थाच मोडीत काढली. म्युनिकच्या एका मठात तिला पाखंडी म्हणून डांबण्यात आलं. तिथून ती पुडक्यांना गुंडाळलेल्या कागदांवर लिंबाच्या रसाने लिहीत असे. कागद शेकला की अक्षरं उमटत आणि बाहेरच्या सख्यांना तिचा निरोप कळे. चर्चशी एकनिष्ठ असलेल्या बाईवर चर्चच्या कैदेत अशी वेळ यावी, याचं दुःख आजही वाचताना ताजं वाटतं. १६४५ मध्ये यॉर्कजवळ ती वारली. ऑस्बल्डविकच्या थडग्यावरच्या शिळेवर तिचं गरिबांवरचं प्रेम नोंदलेलं आहे, तिच्या संन्यासाबद्दल अवाक्षर नाही.

संस्था मात्र उरली. १७०३ मध्ये तिच्या नियमांना रोमने मान्यता दिली. १७४९ मध्ये तिचं अस्तित्वही एका परीने मान्य केलं, पण मेरी वॉर्डला संस्थापिका म्हणायचं नाही या अटीवर. ही अट पाळली गेली. १९०९ पर्यंत. शाळा जगवायच्या तर संस्थापिकेचं नाव गाळा, असा तो सौदा होता. तो पत्करणाऱ्यांना मी भ्याड म्हणणार नाही. समोर बसलेल्या मुलीचा धडा हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता. पण त्या सौद्याची किंमत होती, आणि ती आपल्या देशातही दिसली.

१८०३ साली डब्लिनहून नऊ वर्षांची एक मुलगी बार कॉन्व्हेंटमध्ये शिकायला आली. ती टेरेसा बॉल. तिने पुढे आयर्लंडमध्ये याच संस्थेची लोरेटो शाखा काढली, आणि १८४१च्या अखेरीस लोरेटोच्या भगिनी कलकत्त्यात उतरल्या. त्यांच्याच एन्टालीच्या शाळेत १९२९ साली भारतात आलेली एक तरुण भगिनी भूगोल शिकवू लागली. १९४८ मध्ये तिला वस्तीतल्या गरिबांत जाऊन राहायचं होतं, तेव्हा मठाबाहेर राहण्यासाठी रोमची परवानगी मागावी लागली. कारण भिंती नाकारणाऱ्या बाईच्या वारसदारांनी दरम्यान भिंती स्वीकारल्या होत्या. ती भगिनी म्हणजे मदर तेरेसा. मूळ आग्रह विसरला की संस्था कुठवर वळते, याचं याहून बोलकं उदाहरण मला ठाऊक नाही.

बार कॉन्व्हेंटने पुढेही खूप सोसलं. एप्रिल १९४२च्या जर्मन बाँबहल्ल्यात पाच भगिनी मेल्या. १९८५ मध्ये त्यांची शाळा धर्मप्रांताच्या ऑल सेंट्स शाळेत सामावली गेली. भगिनी त्याच घरात राहिल्या, आणि मार्गारेट क्लिदरोचा म्हणून जपलेला हात अजून तिथे आहे.

२००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मेरी वॉर्डला वंदनीय घोषित केलं. त्याच्या पाच वर्षं आधी, २००४ साली, तिच्या संस्थेच्या एका शाखेला तिने मागितलेली जेझुइटांची घटना आणि येशूचं नाव अखेर मिळालं. १६२१ साली ज्या मागणीसाठी ती पायी चालली, ती मान्य व्हायला ३८३ वर्षं लागली.