दुसऱ्याच्या जागेवर खेळताना

सत्संगाच्या शेवटी प्रत्येकाने आज कशाबद्दल कृतज्ञ वाटते ते एका वाक्यात सांगायचे, ही प्रथा तुमच्या केंद्रातही असेल. मागच्या वर्षी म्हैसूरमध्ये माझी पाळी आली तेव्हा मी नुसते हात जोडले आणि शेजाऱ्याकडे पाहिले. सांगण्यासारखे होते. त्याच सकाळी मला महाविद्यालयाच्या क्रिकेट संघात पहिल्यांदा स्थान मिळाले होते. पण ते मिळाले, कारण आमच्या मुख्य वेगवान गोलंदाजाचा, माझ्या मित्राचा, गुडघा सरावात दुखावला होता.

तो हंगामच तसा होता. कुणाचे बोट मोडले, कुणाचा घोटा मुरगळला, कुणाची पाठ धरली. त्या गडबडीत माझ्यासारख्या तेराव्या माणसाचा नंबर लागला. आनंद झाला हे मी नाकारणार नाही. आनंद झाला याची लाज वाटली, हेही नाकारणार नाही.

तुमच्याही बाबतीत असे झाले असेल. कार्यालयात कुणी आजारी पडले आणि त्यांचे मोठे काम तुमच्याकडे आले. दुसऱ्याच्या नुकसानीतून आपल्या वाट्याला आलेल्या गोष्टीबद्दल देवाचे आभार कसे मानायचे?

अशा वेळी लोक २०२०-२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे उदाहरण देतात. ॲडलेडला आपला संघ ३६ धावांत बाद झाला, शमीचा हात मोडला. पुढे उमेश यादव, राहुल, जडेजा, विहारी, अश्विन, बुमराह एकेक करून बाहेर गेले. ब्रिस्बेनच्या शेवटच्या कसोटीत नटराजन आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी पदार्पण केले. नटराजन तर नेटमध्ये गोलंदाजी करण्यासाठी दौऱ्यावर गेला होता. पालघरच्या शार्दूल ठाकूरने त्या सामन्यात ७ बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावा केल्या. १९ जानेवारी २०२१ रोजी ३२८ धावांचे लक्ष्य गाठून अजिंक्य रहाणेच्या संघाने मालिका जिंकली. मग सगळे म्हणाले, दुखापती झाल्या म्हणूनच हे हिरे सापडले, जे होते ते भल्यासाठीच.

मला हे पटत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून असेल, पण यात मला नफातोट्याचे खाते दिसते. एका बाजूला दुखापती मांडल्या, दुसऱ्या बाजूला विजय, आणि शिल्लक चांगली निघाली म्हणून आभार. शिल्लक निघाली नसती तर? शिवाय मित्राचा गुडघा माझ्या भल्यासाठी दुखावला असे म्हटले, की त्याचे दुखणे माझ्या प्रगतीचे साधन होऊन बसते. देव असा हिशोब करत असेल असे मला वाटत नाही.

शार्दूलचीच मागची गोष्ट पाहा. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला त्याची पहिली कसोटी होती. १० चेंडू टाकले आणि जांघेच्या दुखापतीने तो बाहेर गेला. दुसऱ्या कसोटीसाठी त्याला दोन वर्षांहून अधिक थांबावे लागले. ज्याची जागा एकदा अशी गेली आहे, त्याला ब्रिस्बेनला मिळालेली जागा कुणाची आहे हे सांगावे लागले नसेल.

शिल्लक न निघालेल्या हंगामाचे उदाहरण म्हैसूरच्याच माणसाचे आहे. जवागल श्रीनाथ इथले. १९९७ मध्ये खांद्याच्या दुखापतीमुळे ते वेस्ट इंडीजमधली कसोटी मालिका खेळू शकले नाहीत. त्या मालिकेत मुंबईच्या ॲबी कुरुविला यांना कसोटी पदार्पणाची संधी मिळाली. ब्रिजटाऊनला त्यांनी दुसऱ्या डावात ५ बळी घेतले. भारतासमोर फक्त १२० धावांचे लक्ष्य उरले आणि आपला संघ ८१ धावांत बाद झाला. मालिका तिथेच हातची गेली. कुरुविला यांची कारकीर्द १० कसोटींची झाली. श्रीनाथ मात्र परतले आणि २३६ कसोटी बळींपर्यंत पोहोचले.

म्हणजे कुरुविला यांना जागा मिळाली ती थोड्या काळासाठी, आणि त्यांच्या सर्वोत्तम गोलंदाजीनंतरही पराभवच हाती आला. तरी ते ५ बळी खोटे ठरत नाहीत. मला कृतज्ञतेची जागा इथे सापडते. आभार दुखापतीचे मानायचे नाहीत आणि निकालाचेही नाहीत. आपल्या हाती आलेले काम मनापासून करता आले, एवढ्याचे मानायचे. आपण त्याला प्रसाद म्हणतो. प्रसाद हातावर पडला की आपण तो शेजारच्यालाही देतो, आणि माझ्या शेजारी तर खुर्चीवर पाय ठेवून मित्र बसलेला होता. त्याच्याकडे पाठ करून देवाला नमस्कार करणे मला जमले नाही, म्हणून त्या दिवशी सत्संगात तोंडातून शब्द निघाला नाही.

आम्ही शेवटचा सामनाही हरलो. सीमारेषेबाहेर मित्र गुणलेखन करत होता. माझ्या पहिल्या बळीची नोंद त्याच्या अक्षरात आहे. संध्याकाळी मी त्याच्याजवळ बसलो. खूप काही बोलायचे ठरवले होते, पण एवढेच म्हणालो, "तू लवकर ये, जागा तुझीच आहे." त्याने वही मिटली. म्हणाला, "चेंडू सोडताना तुझं डोकं खाली जातं. उद्या नेटवर ये, मी बसून दाखवतो."

पुढच्या सत्संगात माझी पाळी आली तेव्हा मी फक्त त्याचे नाव घेतले. तो केंद्रात येत नाही. त्यामुळे हा कोण, ते तिथे कुणालाच कळले नाही.