अर्जांतील रकाना

विद्यार्थ्यांची श्रद्धा मोजावयाची झाली, म्हणजे रविवारच्या मिस्साला किती आले व किती निजून राहिले, हें पाहण्याचा प्रघात आहे. आम्हांस ही कसोटी फार स्वस्त वाटते. छत्रपति संभाजीनगर येथें डॉ. आंबेडकरांचें नांव धारण करणाऱ्या विद्यापीठांत वैजापूर-गंगापूरकडील जीं कॅथलिक मुलें शिकावयास येतात, त्यांची खरी परीक्षा चर्चमध्यें होत नाहीं. ती शिष्यवृत्तीच्या अर्जांतील धर्माच्या रकान्यापाशीं होते.

घोगरगांवच्या परिसरांत सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या फ्रेंच पाद्र्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्य आरंभिलें. बाप्तिस्मा घेणारे बहुतेक गांवकुसाबाहेरचे होते. पुढें १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्यें त्या शिखांस व १९९० मध्यें बौद्धांस मिळाल्या. ख्रिस्ती बाहेरच राहिले. त्यामुळें एकाच वस्तींतला एक मुलगा बौद्ध म्हणून पुढें जातो, आणि त्याच्या शेजारचा कॅथलिक मुलगा विचारतो कीं, कागदावर पूर्वजांचाच धर्म राहूं दिला तर बिघडलें काय?

बिघडतें, असें आमचें मत आहे. सर्वोच्च न्यायालयानेंही २०२४ मध्यें पुदुच्चेरीच्या एका प्रकरणांत, आचरण ख्रिस्ती ठेवून केवळ आरक्षणासाठीं हिंदु म्हणविणें ही संविधानाची फसवणूक ठरविली. कॅथलिक नीतिशास्त्र तर श्रद्धा नाकारणें हा असत्याहूनही मोठा अपराध मानतें. तथापि तेंच शास्त्र महापाप ठरविण्यास तीन गोष्टी मागतें: बाब गंभीर हवी, जाणीव पुरी हवी, आणि संमति स्वेच्छेची हवी. ज्याची फी बापाच्या मजुरींतून भरावयाची आहे, त्याची संमति कितपत स्वेच्छेची? पापनिवेदन ऐकणाऱ्या फादरांनीं हा प्रश्न आधीं स्वतःस विचारावा.

कायदा असें धरून चालतो कीं बाप्तिस्म्याबरोबर अस्पृश्यता सरली. गांवास हें कोणीं कळविलेलें दिसत नाहीं! चर्चमध्येंही ती सरलेली नाहीं, हें भारतांतील कॅथलिक बिशपांनींच २०१६ च्या आपल्या धोरणपत्रांत मान्य केलें आहे. मग सत्य लिहिण्याचा सगळा खर्च वीस वर्षांच्या एकट्या मुलाकडून कां वसूल करावा? येथें स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ पासून आहे. जो विद्यार्थी त्या रकान्यांत 'ख्रिस्ती' असें स्वच्छ लिहून येतो, त्याच्या वसतिगृहाचे पैसे कोण भरणार, हें ज्या त्या चर्चच्या मंडळींनीं रविवारच्या प्रवचनापूर्वीं ठरवावें. नंतर मिस्साला कोण आलें तें खुशाल मोजावें.