कोन्युलारियाचे गोत्र

आपली हाडे आणि दात ज्या कॅल्शियम फॉस्फेटचे बनतात, त्याच द्रव्याचे कवच एकेकाळी जेलीफिशचे नातलगही रचत असत. ही गोष्ट पक्की व्हायला सुमारे दोनशे वर्षे लागली. पुरावा तसा पहिल्यापासून हातात होता. तो वाचायचा कसा, हे ठरत नव्हते.

कोन्युलारिया या जीवाश्माचे नाव 1821 मध्ये जेम्स सोवर्बी यांच्या ब्रिटनमधील जीवाश्म-शंखांवरच्या ग्रंथात आले. चार बाजूंचा निमुळता पिरॅमिड, कोपऱ्यांवर खोल चरे आणि अंगभर बारीक आडव्या रेघा. शंखांच्या ग्रंथात आल्यामुळे त्याची सोयरीकही शंखवाल्यांशीच जुळवली गेली. एकोणिसाव्या शतकात अनेकांनी त्याला समुद्रात तरंगणाऱ्या चिमुकल्या गोगलगायींच्या गटात बसवले. कठीण भागच तेवढा उरला असेल तर अभ्यासक त्यावरूनच कुळ ठरवणार, हे स्वाभाविक आहे.

1937 मध्ये हेल्मुट किडर्लेन यांनी त्या चार बाजूंकडे वेगळ्या नजरेने पाहिले. जेलीफिशच्या देहाची मांडणीही चार भागांची असते. मग हा प्राणी तिच्याच घराण्यातला का नसावा? पुढे 1966 मध्ये बर्नहार्ड वेर्नर यांनी या तर्काला जिवंत आधार दिला. काही जेलीफिशची बाल्यावस्था तळाला चिकटलेल्या नळीत जाते. ती नळी कायटिनसारख्या सेंद्रिय द्रव्याची असते आणि तिच्या आतही चारच्या पटीत उंचवटे असतात.

तरीही कोन्युलारियाच्या कवचातल्या फॉस्फेटचा अडथळा खरा होता. प्रवाळ चुन्याचा सांगाडा बांधतात. जेलीफिशच्या तोल सांभाळणाऱ्या कणांत कॅल्शियम सल्फेट असते. पण प्रवाळ आणि जेलीफिशच्या या संघातला आजचा एकही प्राणी फॉस्फेटचे कवच बांधत नाही. 1986 मध्ये लॉरेन बॅबकॉक आणि रॉडनी फेल्डमन यांनी तर कोन्युलारियांना स्वतंत्र संघच देऊ केला. मला तो त्या काळातला प्रामाणिक निर्णय वाटतो. जुळत नसलेली गोष्ट ओढूनताणून जुळवण्यापेक्षा ती वेगळी ठेवणे बरे.

उत्तर कवचाच्या जाडीत होते. 1990 च्या दशकात हेयो व्हॅन आयटन यांनी ही भिंत आजच्या नळीवासी जेलीफिशच्या भिंतीशी बारकाईने ताडून पाहिली. पापडीसारखे अतिपातळ थर एकावर एक: एकात खनिज जास्त, दुसऱ्यात सेंद्रिय द्रव्य जास्त. म्हणजे नळी मुळात तीच, सेंद्रिय आणि थराथराने वाढणारी. तिच्यात फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक भरून तिला बळकटी आणलेली. प्रश्न खनिजाकडून बांधणीकडे सरकला, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातले खरे वळण हेच.

तरी देह कुणी पाहिला नव्हता. 2022 मध्ये चीनच्या युन्नान प्रांतातल्या, सुमारे 51.4 कोटी वर्षांपूर्वीच्या गँगटोकुनिया या नळीवासी प्राण्याच्या अवशेषांत मऊ अवयवही मिळाले: तोंडाभोवती शुंडके आणि कप्प्यांत विभागलेली, एकाच बाजूने उघडणारी अन्नपोकळी. फॉस्फेटच्या अशा नळ्या वलयांकित कृमींच्या असाव्यात, असे आधी मानले जाई. कृमीचे आतडे दोन्ही टोकांना उघडे असते. इथे तसे नव्हते. गँगटोकुनिया म्हणजे कोन्युलारिया नव्हे. पण जेलीफिशच्या गोतावळ्यात फॉस्फेटची घरे बांधली जात होती, हे तिने दाखवले.

फॉस्फेटच का? कॅम्ब्रियन कालखंडाच्या आरंभी युन्नानच्या समुद्रात फॉस्फेटचे प्रचंड साठे जमले; कुन्मिंगजवळ ते आजही खणले जातात. जे पाण्यात मुबलक, ते बांधकामाला स्वस्त, हे स्पष्टीकरण मला पटते, पण अर्धेच. कारण कोन्युलारिया ट्रायसिक कालखंडापर्यंत, तीस कोटींहून अधिक वर्षे, टिकल्या. फॉस्फरस तर साऱ्या सजीवांना लागणारे आणि बहुतेक समुद्रांत तुटपुंजे पोषकद्रव्य. ते कवचात अडकवून ठेवणे या मंडळींना इतका दीर्घकाळ परवडले कसे, हे त्या कॅम्ब्रियन साठ्यांवरून कळत नाही.