ऑस्करचा गणवेश

ऑस्कर फ्रांस्वा द जार्जाये ही माझी सर्वांत लाडकी व्यक्तिरेखा. रियोको इकेदा यांच्या ‘व्हर्सायचा गुलाब’ या मांगाची, म्हणजे जपानी चित्रकथेची, ती नायिका. १९७२ आणि १९७३ मध्ये ही कथा ‘मार्गारेट’ या मुलींच्या साप्ताहिकात क्रमशः आली. सुरुवात केली तेव्हा इकेदा अवघ्या चोवीस वर्षांच्या होत्या. सेनापती जार्जाये यांना मुलीच मुली. शेवटचीला ते मुलगा म्हणून वाढवतात, तिच्या हाती तलवार देतात, आणि ती फ्रान्सची राणी मारी अंत्वानेत हिच्या रक्षकदलात अधिकारी होते. राणी खरी, तिचा स्वीडिश प्रियकर फेर्सन खरा, राज्यक्रांती खरी. ऑस्कर मात्र कल्पित. इकेदांनी कथा योजली होती राणीची. वाचकांनी उचलून धरलं ऑस्करला.

मला आधी आवडले ते तिचे कपडे. उंच ताठ गळपट्टी, छातीवर सोनेरी फितींची नक्षी, खांद्यांवर जाड झालर, कमरेला तलवार, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि पाठीवर मोकळे सोडलेले कुरळे सोनेरी केस. १९७९ साली याच कथेवर चाळीस भागांची अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशन, मालिका सुरू झाली. तीत तिचा कोट आधी पांढरा असतो, बढतीनंतर लाल होतो आणि राजवाड्याची नोकरी सोडून ती फ्रेंच गार्डमध्ये जाते तेव्हा निळा. कोटाचा रंग बदलतो तशी ती राणीपासून दूर आणि पॅरिसच्या भुकेल्या माणसांच्या जवळ जात राहते. हा पोशाख १७८० च्या दशकातला नसून नेपोलियनच्या काळातल्या लष्करी कपड्यांना जवळचा आहे, असं जाणकार म्हणतात. मला त्याचं काही वाटत नाही. तिला तो शोभतो.

तसा कोट मी स्वतः शिवला. कोल्हापुरात त्याचं सामान मिळायला अडचण पडली नाही. लग्नातल्या बँडवाल्यांचे कोट शिवणाऱ्यांकडे खांद्याच्या झालरी, गोंडे, पितळी बटणं सगळं असतं. जरीची फीत महाद्वार रोडवर मिळाली. झालर वजनदार असते. खांद्याला आतून जाड कापडाचा तुकडा लावून दुहेरी टीप मारली नाही, तर सगळा खांदा खाली ओढला जातो. गळपट्टीत बकरम घातलं की मान आपोआप वर राहते. कोट अंगात घालून मी आरशासमोर उभी राहिले तेव्हा खांदे मागे गेले, आवाज खालच्या पट्टीत आला आणि ऑफिसात प्रत्येक वाक्याआधी ‘सॉरी’ म्हणणारी बाई कुठेतरी मागे राहिली.

तो आनंद खरा होता. म्हणूनच त्याची झडती घ्यावीशी वाटते. मला ऑस्कर आवडते की तिचा हुद्दा?

तिचा स्वभाव आठवते. पुढे राणी होणाऱ्या अंत्वानेतचा घोडा उधळतो, दोष येतो आंद्रे या दाईच्या नातवावर आणि राजा पंधरावा लुई त्याला देहान्ताची शिक्षा फर्मावतो. लहानपणापासून सोबत वाढलेल्या त्या आंद्रेसाठी ऑस्कर पुढे होते आणि आधी माझा जीव घ्या, म्हणते. पुढे वडिलांना मुलीचं लग्न लावायची घाई होते आणि ते वरसंशोधनासाठी नाचाचा समारंभ ठेवतात, तर ही समारंभाचा गणवेश घालून येते आणि तिथल्या बायकांबरोबर नाचते. बाईचा झगा ती घालते तो फेर्सनसाठी, एका रात्रीपुरता. त्या रात्रीच्या पानांवर ती इतकी सुंदर आणि इतकी एकटी दिसते की मला ती पानं भराभर उलटता येत नाहीत. गणवेश तिला बापाने दिला. तो अंगावर घेऊन कसं वागायचं, हे मात्र तिचं तिने ठरवलं.

वेषाचं हे सामर्थ्य कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. गायक-नट केशवराव भोसले इथलेच, १८९० चे. बालवयात त्यांनी ‘शारदा’ नाटकातली शारदा साकारली आणि ८ जुलै १९२१ च्या ‘मानापमान’ नाटकाच्या संयुक्त प्रयोगात ते धैर्यधर होते, समोर बालगंधर्वांची भामिनी. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे त्यांचंच नाव मिळालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह जळालं तेव्हा या गावातली मोठमोठी माणसं रडली. तिकडे जपानात ताकाराझुका ही फक्त स्त्रियांची नाटक मंडळी. तिने १९७४ पासून ऑस्करची कथा रंगमंचावर आणली. आपल्याकडे पुरुषांनी शालू नेसून बाई उभी केली, तिथे बायकांनी गणवेश चढवून पुरुष उभे केले. दोन्हीकडे प्रेक्षकांनी जीव टाकला. कपड्यावर प्रेम करणं मला त्यामुळे उथळ वाटत नाही.

भानू अथैया यांच्यामुळे तर मुळीच नाही. त्या १९२९ साली कोल्हापुरातच जन्मल्या. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्याबरोबर अकादमी पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. त्या चित्रपटात बॅरिस्टरच्या सुटापासून पंचापर्यंतचा एका माणसाचा सगळा प्रवास कपड्यांतून डोळ्यांसमोर येतो. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी सदरा-टोपी सोडून पंचा स्वीकारला, तेव्हा त्यांनी गरिबांसाठी अंगावरचं कमी केलं. ऑस्करवरच्या माझ्या प्रेमातली उणी बाजू मला इथे दिसते. मी तिच्याकडून अंगावर चढवायला शिकले. उतरवायला शिकले का?

कारण ऑस्करची खरी उंची उतरवण्यात आहे. जखमी होऊन ती रोझाली नावाच्या मुलीच्या गरीब घरात पडते. रोझाली तिच्यापुढे पातळ सूप ठेवते, ऑस्कर पुढच्या पदार्थाची वाट पाहते, आणि मग तिच्या लक्षात येतं की जेवण एवढंच आहे. ज्यांच्या करावर तिच्या कोटाची जर चकाकते, त्यांच्या घरात ती बसलेली असते. तिथून ती बदलत जाते. लोकप्रतिनिधींना सभागृहातून हुसकावण्याचा हुकूम ती मानत नाही. जुलै १७८९ मध्ये सैन्याला जनतेवर घालतात तेव्हा ती छातीवरची पदकं काढून टाकते, सरदारकी सोडते आणि आपल्या शिपायांसह लोकांच्या बाजूला जाते. १३ जुलैला आंद्रे मरतो, १४ जुलैला बास्तीय तुरुंगासमोर ती. माझ्या कोटावर मी त्या पदकांच्या जागी चकाकणारी पितळी चक्रं लावली आहेत. ती फार नीट बसली आहेत.

कावळा नाक्यावरून रोज जाताना ताराराणींचा अश्वारूढ पुतळा दिसतो. १७०० साली पती राजाराम महाराज गेले तेव्हा ताराराणी पंचविशीत होत्या. औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलेला, आणि त्याच्या मृत्यूपर्यंत सात वर्षं त्यांनी लढाई चालू ठेवली. आज आम्ही बायका फेटा बांधून, नऊवारी नेसून मोटारसायकलवर मिरवणुकीत निघतो. मीही जाते आणि मला ते मनापासून आवडतं. फेटा बांधला की आपण कुणाच्या तरी वंशातल्या आहोत असं वाटतं. पण त्या फेट्याची किंमत मागायला कुणी आलं तर मी ती देईन का, हा प्रश्न मिरवणूक संपली तरी संपत नाही.

तो प्रश्न माझ्यापुढे सध्या कागदावर आहे. माझ्या हाताखाली कंत्राटावर काम करणाऱ्या बायका आहेत. साफसफाई करतात, फायली वाहतात. त्यांचा पगार वेळेवर होत नाही. त्यांनी वर अर्ज दिला आहे आणि त्यावर माझी शिफारस मागितली आहे. शिफारस केली तर वरिष्ठांची मर्जी जाईल आणि येत्या बढतीच्या यादीत माझं नाव खाली सरकेल, हे सगळ्यांना ठाऊक आहे. यात तलवार नाही, बास्तीय नाही. एक सही आहे. मी कारणं शोधते आहे, तीही चांगली, व्यवहारी कारणं. ‘जरा थांबू, योग्य वेळ येऊ दे.’ ऑस्करजवळही अशी कारणं पुष्कळ होती. राणीशी मैत्री होती, बापाचं घर होतं, छातीत क्षय होता. तिने त्यातलं एकही पुढे केलं नाही. अशा बाईला मी माझी लाडकी म्हणते. मग त्या अर्जावर सही न करता तिचा कोट अंगात घालायचा मला हक्क नाही. हा निवाडा मीच माझ्यावर दिला आहे आणि तो कडक आहे असं मला वाटत नाही.

पोशाखांसाठी ही कथा हाती घेणाऱ्या मुली मला भेटतात. २०२५ मध्ये नवा अॅनिमे चित्रपट आल्यापासून जास्तच. कुणी खांद्याच्या झालरीचं माप विचारतं, कुणी त्या एका रात्रीच्या झग्याचं. मी आनंदाने सांगते. मुलींनो, कपड्यांसाठीच वाचायला घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कोट शिवा, केस कुरळे करा, आरशासमोर ताठ उभ्या राहा. फक्त नाचाच्या रात्रीपाशी पुस्तक मिटू नका. जुलै १७८९ पर्यंत वाचा, आणि कोटावर पदकं लावणार असाल तर ती कायमची शिवू नका, हुकांवर लावा.