एकाच बाणाचा शिकारी

गुरुवार हा ओशोसीचा वार. ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात कांदोंब्ले पंथाचे भाविक त्याला जो नैवेद्य दाखवतात, तो अगदी साधा. मक्याचे दाणे उकडून मऊ करायचे, पाणी निथळून भांड्यात काढायचे आणि वर ओल्या खोबऱ्याचे लांबट काप पसरायचे. मध मात्र त्याला चालत नाही. रानात वावरणाऱ्या शिकाऱ्याला मधच वर्ज्य असावा, याची मला गंमत वाटते.

ओशोसी हा योरुबा लोकांचा शिकारीचा देव. त्याचं ठाणं केतू, आजच्या बेनिन देशातलं. तिथली पुष्कळ माणसं गुलाम म्हणून ब्राझीलच्या बाईया प्रांतात विकली गेली. पुढे १८८६ मध्ये दाहोमेच्या सैन्याने केतूच उद्ध्वस्त केलं. मूळ ठिकाणी देवाची पूजा जवळजवळ बंद पडली. ज्यांचं सगळं हिरावलं गेलं होतं त्यांनी ती समुद्रापलीकडे चालू ठेवली.

ओशोसीची एक कथा ब्राझीलमध्ये सांगतात. इफेच्या राजाकडे सुरणासारख्या यामकंदाच्या नव्या पिकाचा उत्सव होता. पक्ष्यांवर सत्ता चालवणाऱ्या चेटकिणींचा मान द्यायचा राहून गेला. रागावून त्यांनी एक अजस्र पाखरू धाडलं, ते थेट राजवाड्याच्या छपरावर येऊन बसलं. वीस बाणांचा शिकारी आला, चाळीस बाणांचा आला, पन्नास बाणांचा आला. सगळे भाते रिकामे झाले. शेवटी ओशोसी आला तो एकच बाण घेऊन. इकडे त्याच्या आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती दैवज्ञाकडे गेली. त्याने सांगितल्याप्रमाणे तिने कोंबडी वाहिली, तिची छाती उघडून ती वाटेवर ठेवली आणि पाखराच्या छातीने हे दान घ्यावं अशी विनवणी केली. ते घेण्यासाठी पाखराने क्षणभर आपलं मंत्रकवच सैल केलं. बाण सुटला तो नेमका त्याच क्षणी.

जयजयकार अर्थातच मुलाचा झाला. पण नेम तर आधीच्या तिघांचाही कच्चा नसणार! छातीवरचं कवच उघडलं ते आईच्या दानाने, आणि तेही शत्रूला दिलेल्या. ज्यांचा मान राहून गेला होता, त्यांना तो उशिरा का होईना, पोचला. नैवेद्याला देवाची लाच म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही कथा एकदा नीट ऐकावी.

साल्वादोरच्या ओपो अफोंजा या मठाच्या प्रमुख स्तेला माई यांची दीक्षा ओशोसीचीच. पेशाने त्या परिचारिका; २०१८ मध्ये त्या गेल्या. ओशोसीवरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी त्याला ‘आनंदांचा शिकारी’ म्हटलं आहे.

क्युबात सांगतात त्या कथेत मात्र आनंदाचा लवलेश नाही. तिथे ओशोसीने परमदेव ओलोफिनसाठी एक पाखरू पकडून घरात ठेवलं आणि तो बाहेर गेला. परतून बघतो तर पाखरू गायब. संतापाने त्याने आभाळात बाण सोडला: चोर असेल त्याच्या काळजात घुसू दे. बाण घुसला तो आईच्या काळजात. आई सहज घरी आली होती आणि पाखरू घेऊन गेली होती. ते कोणासाठी आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

एका कथेत आईच्या दानाने बाण लागतो, दुसरीत आईलाच लागतो. नेम दोन्हीकडे अचूक. क्युबात न्यायाचा देव मानला जातो तो हाच ओशोसी. त्याचं लोखंडी धनुष्यबाण ओगुन या लोहदेवाच्या हंडीत ठेवलेलं असतं आणि कोर्टकचेरीत अडकलेली माणसं त्याला साकडं घालतात. स्वतःचे हात स्वच्छ नसतील तर त्याच्याकडे न्याय मागू नका, असं जाणती मंडळी बजावतात. माझ्यावर तशी वेळ आली, तर गाऱ्हाणं घालण्याआधी मी घरातल्या माणसांकडे एकदा चौकशी करून घेईन.